लेथसाठी कौल

कौलाच्या दोन्ही लाकडी फोडी ओंजळीत धरून तिएन-फूने त्या कपाळाला टेकवल्या, डोळे मिटले आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्याच खाली सोडल्या. फरशीवर टकटक आवाज झाला. एक फोड गरगरत जाऊन दुसरीला धडकली आणि दोघी शेजारी शेजारी पालथ्या पडल्या.

“नाही म्हणतायत,” मागून त्याची बायको सू-चिन म्हणाली. ती सोफ्यावर पाय वर घेऊन कलिंगडाच्या बिया फोडत होती आणि तिची नजर टीव्हीवरच होती.

“तू बघितलंस तरी कुठे?”

“आवाजावरून कळतं.”

आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाला काही विचारायचं तर ते असं. मुठीत मावतील अशा दोन लाल लाकडी फोडी, एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर. सपाट बाजू वर आली तर फोड उताणी, फुगीर वर आली तर पालथी. एक उताणी आणि एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या पडल्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर वरचं माणूस हसतंय, प्रश्न नीट करून पुन्हा विचारा. आणि मोठ्या कामाला एक हो पुरत नाही, लागोपाठ तीन लागतात. लेथसाठी तिएन-फूला आजवर एकही हो मिळालं नव्हतं.

त्याने फोडी उचलून देव्हाऱ्याकडे पाहिलं. देव्हाऱ्यात बाबांच्या नावाची पाटी होती आणि वर भिंतीवर त्यांचा फोटो. फोटोत बाबांनी उजवा हात मांडीखाली लपवला होता, कारण त्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. उरलेलं अर्धं याच दर्शनी खोलीत त्यांच्या लेथने, लोखंड तासायच्या यंत्राने, खाल्लं होतं. त्याच संध्याकाळी, हाताला फडकं गुंडाळलेलं असताना, त्यांनी लहानग्या तिएन-फूला समोर उभं करून बजावलं होतं की या घरात यंत्राला हात मी लावणार, तू फक्त पेनाला लावायचास.

पोराने ऐकलं. तो शिकला, फेंगयुआनच्या नोंदणी कचेरीत चिकटला आणि साऱ्या गावाचे जन्म-मृत्यू लिहीत म्हातारा झाला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला चहाचा संच दिला. घरी येऊन त्याने तो संच कपाटात ठेवला आणि बायकोला सांगितलं की मला लेथ घ्यायचाय. लहानपणी साखर कारखान्याच्या उसाच्या आगगाडीमागे धावून तो ऊस उपसायचा. त्या गाडीचं हातभर लांबीचं, खऱ्या वाफेवर चालणारं इंजिन त्याला स्वतःच्या हाताने घडवायचं होतं. इतकी वर्षं ही इच्छा त्याने कुठे दडवून ठेवली होती कोण जाणे, पण बाहेर पडली ती दावं तोडलेल्या रेड्यासारखी.

लेथही त्याने हेरून ठेवला होता. एका बंद पडलेल्या तांत्रिक शाळेचा जुना, हिरवा, पोलादी लेथ आ-खाई भंगारवाल्याच्या आवारात पडून होता. अडचण जागेची होती. वरच्या मजल्याच्या स्लॅबला ते वजन पेललं नसतं आणि मागच्या स्वयंपाकघराच्या दारातून लेथ आत शिरला नसता. राहिली दर्शनी खोली. तिथे सोफा, टीव्ही, देव्हारा आणि सू-चिन.

“या घरातलं थोरलं माणूस मी नाही,” त्याने विषय काढला तेव्हा सू-चिन म्हणाली होती. “त्यांना विचार.”

हा अर्धा होकार आहे असं तिएन-फूला वाटलं. बिचारा.

त्याची विचारायची पद्धत कचेरीतली होती. आधी नाव, मग राहता पत्ता, मग जन्मतारीख. बाबा याच पत्त्यावर जगले आणि याच पत्त्यावर मेले, तरी पद्धत ती पद्धत. मग विषय. मग विषयाची पार्श्वभूमी. तिथपर्यंत उदबत्ती अर्धी जळलेली असायची. सू-चिन म्हणायची की तुझे बाबा हयात असताना तुझं बोलणं संपायच्या आत झोपायचे, आता निदान उत्तर तरी देतायत.

नकार पडत गेले तसा तिएन-फू शहाणा झाला. कुठलाही मुरलेला कारकून जाणतो की मोठी मागणी नामंजूर झाली तर तिचे तुकडे करून लहान लहान मागण्या पाठवाव्यात. त्याने लेथचं नावच काढलं नाही. बाबा, नुसतं एक कामाचं बाक ठेवू का, भिंतीला लागून? हो, हो, हो. शाळेच्या मोडक्या बाकड्यांचे लोखंडी सांगाडे जोडून त्याने बाक केलं. ते इतकं जड झालं की एकदा ठेवल्यावर कुणाच्याही बापाला हललं नसतं, आणि इतकं बसकं की त्याच्याखाली केरसुणीही जाईना. मग, बाबा, बाकाला नग आवळून धरायचा एक वाइस लावू का? वाइस नसेल तर बाकाचा उपयोग काय? बाबांनाही ते पटलं.

मग ग्राइंडरची पाळी. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर काढून तिला सहाणेचं चाक बसवायची त्याची कल्पना होती. बाबा आधी हसले, दोन्ही फोडी उताण्या. त्याने काओलियांग दारूचा पेला भरून पुढे ठेवला आणि पुन्हा विचारलं, तेव्हा हो आलं. पण मोटरीबरोबर त्याने मशीनचं घड्याळही जसंच्या तसं ठेवलं होतं. त्यामुळे ग्राइंडर थोडा वेळ उजवीकडे फिरायचा, मग थांबून विचार करायचा, मग डावीकडे फिरायचा. मधूनच त्यातून पाणी सोडण्याचा खळखळाट यायचा, पाणी नसताना. तिएन-फूने त्याच्या तालावर काम करायची सवय लावून घेतली. उजवीकडे फिरताना घासायचं, थांबला की चहाचा घोट घ्यायचा.

पत्र्याच्या डब्याला आतून माती थापून त्याने मागच्या अंगणात भट्टीही केली. तिच्यात पितळ वितळवायचं होतं. पितळ काही वितळलं नाही, म्हणून सू-चिनने तिच्यात रताळी भाजली. रताळी फार चांगली झाली, शेजारच्या बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला आल्या.

“भटाला दिली ओसरी तसं झालंय तुमचं,” एके दिवशी बाक, वाइस, ग्राइंडर, हाताने फिरवायचं ड्रिल आणि गाडीच्या जॅकचा केलेला दाबयंत्राचा सांगाडा यांच्यामधून वाट काढत सू-चिन देव्हाऱ्याला म्हणाली. “आता पाय पसरेल, बघत राहा.”

पण लेथच्या वेळी बाबा हटून बसायचे. तिएन-फूने जागा बदलून विचारलं, डावी भिंत, उजवी भिंत. लेथवर पांघरूण घालीन म्हणाला. नग पकडून फिरणारा चक चालू असताना बोट पुढे नेणार नाही असं वचन दिलं. सोबत दारू होती, भाजलेलं बदक होतं. उत्तर एकच. आणि मग एका मंगळवारी, काही सणवार नसताना, देव्हाऱ्यापुढे सोयाच्या रसात शिजवलेला डुकराचा पाय त्याला दिसला. बाबांचा सगळ्यात आवडता पदार्थ. वाफ अजून निघत होती.

“हे कशाला?” त्याने विचारलं.

“सासऱ्याला वाढायला कारण लागतं का?”

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मागून दुसरा पक्षही अर्ज करत होता, आणि त्या पक्षाच्या हाताला चव होती. मेल्यानंतर इतकं चांगलं खायला मिळणारे बाबा पंचक्रोशीत एकटेच असतील. दोन्हीकडून खाणारा अधिकारी कुठला निकाल घाईने देतो? तिएन-फूने चिडून बदकाऐवजी अख्खी कोंबडी आणली. आठवडाभर दोघांनी बाबांच्या पुढची उरलेली ताटं पोटभर खाल्ली आणि दोघांचीही वजनं वाढली.

शनिवारी आ-खाई आला. स्कूटर पडवीत लावून, सुपारीने लाल झालेलं तोंड पुसत तो आत आला आणि देव्हाऱ्याला हात जोडून बाकावरच टेकला.

“तिएनदादा, आता काय ते सांगा. सोमवारी ट्रक येतोय. आवारातलं सगळं लोखंड भट्टीला जाणार. मालकाला जागा रिकामी हवीय.”

“लेथसुद्धा?”

“लेथ काय माझा जावई लागतो?”

तिएन-फूने त्याला चहा दिला आणि मग नेहमीसारखा बाबांच्या आठवणी सांगू लागला. सायकलचे आस कापायचं काम बाबांकडे असे. कारखान्याचा माणूस पेट्याच्या पेट्या उचलून न्यायचा. मी संध्याकाळी कचेरीतून यायचो, तर इथे दारात तयार आसांची रास. शेवटी शेवटी बाबांना मोतीबिंदू झाला, समोरचा माणूस ओळखू येईना, पण माल? एक नग परत आला नाही. हाताला दिसायचं त्यांच्या. तेच रक्त आहे आपलं, आ-खाई, म्हणून तर ओढ आहे.

आ-खाईने मान डोलावली. सू-चिन त्याच्या पेल्यात चहा ओतत होती. पेला भरला तरी ती ओतत राहिली, आणि चहा बाकावरून खाली वाहिला. मग तिने फडकं आणून बाक पुसलं.

“त्याचं बूड कुठे झिजलंय का?” तिने आ-खाईला विचारलं. “चकाजवळ?”

“थोडंसं झिजलंय, वहिनी. जुना आहे ना.”

तिएन-फूला वाटलं, हे भंगार नको म्हणायला ती कारणं गोळा करतेय.

रविवारी सकाळी तो आंघोळ करून, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून देव्हाऱ्यापुढे बसला. आज त्याने पार्श्वभूमी गाळली. बाब तातडीची आहे, एवढंच म्हणाला. उद्या ट्रक येतोय, बाबा. पहिल्यांदा दोन्ही फोडी उताण्या पडल्या. त्याने डोळे घट्ट मिटून पुन्हा टाकल्या. दोन्ही पालथ्या.

तिएन-फू तिथेच फरशीवर पाय पसरून बसला. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“वितळवतील त्याला,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याचा आवाज बारीक झाला. “मला एकदाच काहीतरी करून बघायचं होतं गं. नुसतं लिहून नाही.”

टीव्ही बंद झाला. रविवारी सकाळी त्या घरात टीव्ही बंद होणं ही नोंद करण्यासारखी गोष्ट होती. सू-चिनने हातावरची बियांची टरफलं झटकली आणि ती पुढे आली.

“सरक.”

तो सरकला. ती कडकड वाजणाऱ्या गुडघ्यांवर बसली आणि तिने फोडी उचलल्या.

“बाबा, मी सू-चिन. तुमची सून. पत्ता हाच.” तिने फोटोकडे पाहिलं. “तुम्ही म्हणाला होतात, तिएन-फूला कळू देऊ नकोस. इतकी वर्षं नाही कळू दिलं. आता सांगते.”

“काय कळू दिलं नाहीस?” तिएन-फू म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “तुमचे डोळे गेल्यावर लेथवर मी उभी राहायची. तुम्ही स्टुलावर बसून नुसत्या शिव्या द्यायचात. शेवटची सगळी वर्षं ते आस मी कापलेत. एक नग परत आला नाही, खरं आहे. मग तुम्ही गेलात, आणि सुतक संपायच्या आत आईंनी लेथ विकून टाकला. मला कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, सुटली बिचारी.”

तिएन-फूने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“तू तर नुसता कीस झाडायचीस,” तिएन-फू म्हणाला. त्याला तेवढंच आठवत होतं, संध्याकाळी हातात केरसुणी घेतलेली बायको आणि फरशीवर लोखंडाचा कुरळा कीस.

“झाडायला कीस आधी पडावा लागतो.”

“मग मला का नाही...”

“त्यांनी शपथ घातली होती. मुलाला वाटेल बापाचं संपलं.”

“तेव्हाचं नाही म्हणत मी. आता. मी महिनोन् महिने विचारतोय...”

“त्यांना विचारतोयस. मेलेल्या माणसाला इतक्यांदा विचारलंस, मला एकदा तरी?”

“तूच म्हणालीस, त्यांना विचार.”

“तू कधीपासून माझं ऐकायला लागलास, म्हाताऱ्या?”

तिएन-फूला फार लाज वाटली, आणि लाजेच्या खालून हळूच काहीतरी वेगळंही वर आलं. हीच बाई रोज संध्याकाळी त्याला भात वाढायची. तिच्या बोटांना तेलाचा वास यायचा आणि तो तिला शिवणयंत्राला तेल कमी घाल असं सांगायचा. शिवणयंत्र घरात होतंच कुठे, हे त्याला आत्ता, या क्षणी आठवलं.

सू-चिनने फोडी कपाळाला लावल्या. “तर बाबा, लेथ मला आणायचाय. माझ्या नावावर. हा फक्त कीस झाडेल. चालेल का?”

फोडी पडल्या. एक उताणी, एक पालथी.

तिएन-फू गुडघ्यांवर आला. तिने फोडी गोळा केल्या आणि पुन्हा सोडल्या. पुन्हा एक उताणी, एक पालथी. लेथच्या बाबतीत इथवर तो कधीच पोचला नव्हता. वर फोटोतले बाबा तसेच, हात मांडीखाली घेऊन, कुणाचाच पक्ष न घेतल्यासारखे बसले होते.

तिसऱ्या वेळी तिचा हात जरा जोरात सुटला. एक फोड दोघांच्या मधोमध पालथी पडली. दुसरी चहाच्या टेबलाच्या पायावर आदळली, तिथून उडाली आणि घरंगळत लोखंडी बाकाखाली दिसेनाशी झाली.

दोघंही हलले नाहीत. पडलेल्या फोडीला निकाल वाचल्याशिवाय हात लावायचा नसतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाहेरची पालथी होती. म्हणजे आतली उताणी हवी.

सू-चिनने टीव्हीखालच्या खणातून विजेरी काढली. मग ती फरशीवर आडवी झाली, गाल जमिनीला लावला आणि बाकाखाली उजेड टाकला. बराच वेळ ती तशीच राहिली. तिचे पिकलेले केस धुळीत पसरले होते.

“काय आहे?” तिएन-फूने विचारलं.

“उताणी.”

“नक्की?”

“बघायचं तर बघ. ही घे विजेरी.”

तिने विजेरी पुढे केली. तिएन-फूने तिच्याकडे पाहिलं. गालाला धूळ लागली होती आणि ती फोटो सोडून खोलीत सगळीकडे बघत होती. ही बाई देवळापुढून जाताना स्कूटरवरूनसुद्धा मान लववायची. सातव्या महिन्यात, भुतांची दारं उघडी असताना, रात्री कपडे वाळत घालायची नाही.

“नको,” तो म्हणाला. “तू बघितलंस ना.”

“मग काढ ती बाहेर. माझा हात पोचत नाही.”

तिएन-फू पोटावर आडवा झाला. हात आत घालताना त्याने तोंड मुद्दाम दुसरीकडे, सोफ्याच्या बाजूला वळवलं. आत धूळ होती, एक हरवलेला नट होता, ग्राइंडरच्या चाकाचा चुरा होता. मग बोटांना लाकूड लागलं. त्याने बोटं त्यावरून एकदा फिरवली. पाठ फुगीर होती, गुळगुळीत, वर आलेली. त्याने पुन्हा एकदा फिरवली.

उभ्या नोकरीत या माणसाने एक तारीख खोटी लिहिली नव्हती. कोणी मेलं आणि नातलगांनी दोन दिवस मागेपुढे करा म्हणून हात जोडले, तरी नाही. आणि समोर दुसरा कोणी नाही, सख्खे बाबा बसले होते.

“पोचला का हात?” वरून सू-चिनने विचारलं.

“पोचला,” तो म्हणाला. त्याने फोड मुठीत गच्च मिटली आणि मूठ तशीच ठेवून हात बाहेर काढला.

“उताणीच आहे.”